भाकीत चुकलं, ही बातमी कधी छापणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ जुलै २०२५ ला जपानवर महाभयंकर त्सुनामी येणार, हे भाकीत त्या वर्षीच्या जून महिन्यात आपल्या दैनिकाच्या वेब आवृत्तीवर मी वारंवार वाचलं. रियो तात्सुकी या चित्रकथाकार बाईंना पडलेलं ते स्वप्न. ‘जपानी बाबा वेंगा’ हे नाव त्यांना मथळ्यांतून मिळालं; बाबा वेंगा म्हणजे बल्गेरियातल्या भविष्य सांगणाऱ्या बाई. ६ जुलैचा अंक मी मुद्दाम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, नातवाकडून मोबाइलवरही शोधून घेतलं. भाकीत खोटं ठरलं, अशी दोन ओळींची बातमीसुद्धा सापडली नाही. पुढे ३० जुलैला रशियाच्या कामचात्काजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जपानच्या किनाऱ्यावर इशारे दिले गेले, आणि लगेच ‘ते भाकीत खरं ठरलं?’ असा मथळा झळकला. प्रश्नचिन्ह होतं, पण ते कुणी वाचलं नाही. दुकानात आलेल्या माणसांनी मला “बघा, झालं की नाही!” असंच ऐकवलं. तारीख हुकली होती, जागा हुकली होती, २०११ च्या जपानी त्सुनामीच्या तिप्पट उंचीच्या लाटा येणार होत्या त्या आल्या नव्हत्या. तरी लोकांच्या लेखी ते ‘झालं’.

तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. मी कोयना खोऱ्यातल्या पाटणची. वडिलांच्या मागे त्यांचं किराणा दुकान मी आणि धाकट्या भावाने चालवलं, आता भाचा बघतो, पण सकाळच्या वेळी गल्ल्यावर अजून मीच बसते. वय पंचाहत्तरीला आलं. धरण, भूकंप आणि दरडी या तिन्हींच्या सावलीत आमचं खोरं जगत आलं आहे, त्यामुळे ‘आता सगळं संपणार’ ही भाकितं मी लहानपणापासून ऐकत आले. त्यांच्यावर लोक विश्वास का ठेवतात, यावर अधूनमधून लेख येतात. बहुतेकांचा सूर ‘अडाणीपणा’ असा असतो. तेवढं म्हटलं की लिहिणारा मोकळा होतो. मला ते पटत नाही, कारण ज्यांनी विश्वास ठेवला ती माणसं मी जवळून पाहिली आहेत.

फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आठवणारे आता थोडेच उरलेत. ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठजण मकर राशीत एकत्र येणार होते. वर पौष अमावास्या. महाभारत युद्धाच्या वेळीही असाच योग होता, असं कीर्तनातून सांगितलं जाई. देशभर होमहवन चाललं होतं. सिक्कीमच्या युवराजांचं एका अमेरिकन तरुणीशी लग्न ठरलं होतं, तेसुद्धा १९६२ साल अशुभ म्हणून पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. राजवाड्यात जे झालं तेच आमच्या पेठेत झालं. तेव्हा अडाणी कुणाला म्हणायचं?

त्या वेळचं वातावरण लक्षात घ्या. आदल्याच जुलैत, १२ तारखेला, पानशेत फुटून पुणं बुडालं होतं. इकडे कोयनेचं धरण भरायला लागलं होतं. वरच्या अंगाची गावं उठत होती, बैलगाडीत घराचे वासे आणि देव्हारा घालून माणसं खाली येताना आम्ही पोरं बघत होतो. पाणी घर कसं गिळतं, हे लोकांना कुणी सांगायला नको होतं. भीती आधीपासूनच होती. अष्टग्रहीने तिला तारीख दिली, एवढंच.

आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, त्या वर्षीची कीर्द (दुकानाची रोजच्या जमाखर्चाची वही) माझ्याकडे आहे. लाल कापडाची बांधणी, पानं कडेला वाळवीने खाल्लेली, पण शाई ठणठणीत. जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात तूप, तीळ, जव, कापूर, नारळ यांच्या नोंदी एकाखाली एक लागल्या आहेत. केरा आणि कोयना जिथे मिळतात तिथे होम व्हायचा होता. एरवी महिनाभर पुरणारा कापूर आठवड्यात संपला आणि आण्णांनी कराडहून आणखी मागवला. पण त्या पानांवर खरं डोळ्यात भरतं ते जमेचं सदर. सुगी हाती आल्याशिवाय ज्यांच्याकडून पैसा सुटत नसे अशा माणसांनी त्या दिवसांत बाकी चुकती केली आहे. कुणी पूर्ण, कुणी निम्मी. आण्णांनी कुणाकडे तगादा लावला नव्हता. ऋण डोक्यावर ठेवून मरायचं नाही, म्हणून लोक आपणहून आले होते.

त्यात आमच्या आळीतल्या एक काकी होत्या. नवरा नव्हता, पोर बारकं. त्यांच्या नावावर सत्तावीस रुपये बाकी होती. त्यांनी आपली गाभण शेळी बाजारात नेली. त्या आठवड्यात विकणारेच सगळे, घेणारा एखादा. दर पडलेला. शेळीचे पैसे पुरेनात म्हणून तांब्याची घागर मोडीत घातली आणि पदराच्या गाठीतून पैसे काढून आण्णांच्या पुढ्यात ठेवले. आण्णा म्हणाले, “घाई काय आहे, सुगी झाल्यावर द्या.” काकी म्हणाल्या, “न्हाई आण्णा. रीन घिऊन गेलं तर फुडल्या जल्मी तुमच्या दारात बैल हून राबावं लागंल.” पैसे मोजून झाल्यावर आपल्या नावापुढे रेघ मारलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली आणि मगच उठल्या.

५ तारीख गेली. काही झालं नाही. मंगळवारी सकाळी पेठ उघडली तेव्हा काकी चहापत्ती आणि गूळ न्यायला आल्या, पुन्हा उधारीवर. आई म्हणाली, “काकी, शेळी फुकट गेली की हो.” काकींना ते अजिबात आवडलं नाही. “फुकट कशी जाईल? समद्यांनी आपापलं रीन फेडलं, होम झाला, म्हून तर टळलं न्हवं?”

हे उत्तर मी विसरले नाही, पण त्याचं मोल कळायला फार वर्षं गेली. पुतणी पुण्यात मानसशास्त्र शिकवते. तिने मला लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं आणि बसून त्याचं लिखाण समजावून दिलं. शिकागोच्या उपनगरात डोरोथी मार्टिन नावाच्या बाई होत्या. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार, त्याआधी मध्यरात्री उडती तबकडी येऊन आपल्या मंडळींना घेऊन जाणार, असे निरोप आपल्याला परग्रहावरून येतात, असं त्या सांगत. त्यांच्या गटातल्या एका डॉक्टरची कॉलेजातली नोकरी या प्रकरणात गेली. तबकडीत धातू चालत नाही म्हणून लोकांनी कपड्यांच्या चेनसुद्धा उसवून काढल्या. मध्यरात्र उलटली, कुणी आलं नाही. पहाटे पावणेपाचच्या सुमारास बाईंना नवा निरोप आला: या छोट्याशा गटाने रात्रभर एवढा प्रकाश पसरवला की देवाने जग वाचवलं.

काकींचं वाक्य आणि हा निरोप यांत मला काही फरक दिसला नाही. एकीकडे गाभण शेळी गेली होती, दुसरीकडे नोकरी. जे गेलं ते परत येणार नव्हतं. मग ते वाया गेलं असं म्हणायचं, की त्यानेच जग तरलं असं म्हणायचं? ज्याने काहीच घातलं नाही त्याला ‘थाप होती’ म्हणणं सोपं असतं. आमच्या पेठेतही तसंच झालं. ज्यांनी होमाला दोन आणे दिले ते आठवडाभरात सगळं विसरले. काकी मात्र मरेपर्यंत त्या होमाचं नाव काढत.

या फेस्टिंगरच्या अभ्यासावर अलीकडे आक्षेप आले आहेत, हेही पुतणीने सांगितलं. निरीक्षक म्हणून गटात शिरलेल्यांनीच बरीच ढवळाढवळ केली होती आणि तो गट पुढे फारसा टिकला नाही, असं जुन्या कागदांवरून दिसतं म्हणतात. आक्षेप रास्त असेल. पण अपेक्षाभंगानंतर अर्थ बदलून घेण्याची गोष्ट शिकागोवर अवलंबून नाही. त्याच्याही एकशे दहा वर्षं आधी, २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त पृथ्वीवर परत येणार म्हणून अमेरिकेत विल्यम मिलरचे हजारो अनुयायी वाट पाहत बसले होते. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नव्हतं. दिवस उजाडला आणि मावळला. पुष्कळ लोक निराश होऊन निघून गेले. पण काहींनी ठरवलं की तारीख बरोबरच होती, फक्त घटना पृथ्वीवर नाही तर स्वर्गात घडली. त्यांच्यातूनच पुढे एक मोठा पंथ उभा राहिला.

अष्टग्रहीचंही असंच झालं. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. शेजारच्या कराडचे यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आमच्या भागातली कितीतरी पोरं पलटणीत होती, घराघरांत काळजी होती. आणि पेठेत बोललं जाऊ लागलं की अष्टग्रहीचं फळ हेच. साडेआठ महिन्यांनी! जमीन दुभंगणार होती तिथे हिमालयात लढाई झाली, तरी जमा अष्टग्रहीच्या खात्यावर. मी दुकानदाराची मुलगी. कीर्दीत एका बाजूला जमा लिहायची आणि नावे टाकायचंच नाही, असा धंदा केला तर दिवाळखोरसुद्धा सावकार दिसेल. भाकितांचा हिशेब आपण वर्षानुवर्षं असाच ठेवत आलोय. एक खरं ठरलं की नोंद होते, शंभर खोटी ठरतात त्यांना कीर्दच नाही.

आठ ग्रह एकत्र आले म्हणजे काय झालं होतं, हेही तेव्हा कुणी आम्हाला समजावून दिलं नाही. रास म्हणजे आकाशाचा तीस अंशांचा पट्टा. मकरेत आठजण म्हणजे पृथ्वीवरून पाहताना ते साधारण एका दिशेला. एकमेकांच्या जवळ नव्हेत. त्या दिवशी चंद्र चार लाख किलोमीटरच्या आत होता आणि शनी दीडशे कोटी किलोमीटरच्याही पलीकडे. आठवा जो केतू, तो तर ग्रहच नव्हे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो नुसता बिंदू. अमावास्येला चंद्र-सूर्य या बिंदूजवळ आले की सूर्यग्रहण होतं, आणि ते त्या अमावास्येला पॅसिफिकच्या बाजूला झालंही. हे गणित वर्तमानपत्रात कुठे आलं असेलही, आमच्यापर्यंत पोचलं नाही. पोचली ती तारीख.

आता १९६७. ११ डिसेंबरच्या पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा अकरावी मॅट्रिकच्या वर्गात होते. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं, धरणाच्या भिंतीला तडे गेले. या दिवसाबद्दल कुठल्या पंचांगात अक्षर नव्हतं. अष्टग्रहीला ज्यांनी तारीख, वार, घटका सांगितली होती त्यांतल्या कुणी इकडे बोटही दाखवलं नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या महिन्याबद्दल. आमच्याकडे माणसांच्या तोंडी पत्रे, ताडपत्री, घोंगडी, रॉकेल आणि पोरांना दूध एवढेच विषय होते. आण्णांनी पडवी पडलेल्या दुकानाबाहेर फळकूट टाकून माल विकायला सुरुवात केली होती. आणि तिकडे पुण्याहून मामाची पत्रं येत होती. मामाच्या घराची भांडी वाजली होती, त्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण पत्रांत प्रत्येक वेळी नवी तारीख. अमुक तिथीला याहून मोठा धक्का. संक्रांतीच्या आत धरण फुटणार. समुद्र चिपळूणपर्यंत येणार. ‘सगळं टाकून इकडे निघून या.’ आण्णा पत्र वाचत आणि घडी घालून खिशात ठेवत. भूकंप आमच्या घरावर आणि भाकितं पुण्यात, हे कोडं मला तेव्हा उलगडलं नाही.

फेस्टिंगरने ते उलगडलं, आणि तेही आपल्याच देशातल्या माहितीवरून. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा अशा भागातल्या होत्या जिथे धक्का जोराचा जाणवला पण पडझड विशेष झाली नाही. १८ आणि १९ जानेवारीच्या दरम्यान पाटण्याला भयंकर वादळ होणार. २३ जानेवारी घातवार. चंद्रग्रहणाच्या दिवशी मोठा भूकंप. नेपाळच्या सीमेवरून मधुबनीकडे लोंढा निघाला आहे. ही यादी पुतणीने वाचून दाखवली तेव्हा मला वाटलं, मामाचीच पत्रं वाचतेय. फेस्टिंगरला प्रश्न पडला की घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्याचं उत्तर असं, की या लोकांच्या अंगात भीती भरली होती, पण डोळ्यांसमोर भिण्यासारखं काही नव्हतं. घरं उभी, माणसं धडधाकट. मग त्या भीतीला जोगं कारण हवं म्हणून पुढचं संकट. सिन्हा नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर प्रत्यक्ष फटका बसलेल्या भागात असाच अभ्यास केला. तिथे अशी भाकितं सापडली नाहीत. त्यांच्या भीतीचं कारण दारातच पडलेलं होतं.

म्हणजे आमच्या खोऱ्यात अफवा मुळीच नव्हत्या असं नाही. धक्के पुढे चालूच राहिले, आजही बसतात, आणि प्रत्येक धक्क्यानंतर काही ना काही उठतं. पण ज्या रात्री घर पडलं त्या रात्रीनंतर, मी स्वतः पाहिलं, माणसं तारखा विचारत नव्हती.

यावरून माझी समजूत अशी झाली आहे. भीती माणसाला आधी असते. ती कशाचीही असेल: धरणाची, लढाईची, रोगाची, पोराच्या नोकरीची. तिला आकार नसतो, म्हणून ती छळते. भाकीत तिला नाव देतं, तारीख देतं, आणि मुख्य म्हणजे करायला काहीतरी देतं. होम करा, उपास करा, उंबऱ्यावर दिवा लावा, रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, विश्वकिरण येणार आहेत, नासाने सांगितलंय. हा शेवटचा निरोप आमच्या गावातल्या पदवीधरांनीच मला पाठवला होता. डिसेंबर २०१९ मध्ये धनू राशीत सहा ग्रह आले, सूर्यग्रहण झालं, पुढे करोना आला. दुकानात मालाची यादी देता देता लोक मला त्या ग्रहांचा दाखला देत होते. आपली माणसं का मरताहेत, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. ग्रहांनी निदान उत्तर दिलं. मी त्या लोकांना दोष देणार नाही.

दोष द्यायचा तो तारीख सांगणाऱ्याला आणि ती छापणाऱ्याला. त्यांची शेळी जात नाही.

यात नुकसान काय, असं कुणी विचारेल. आमच्या तालुक्यात येऊन पाहा. तीन रिश्टरचा धक्का बसला की तासाभरात मोबाइलवर कुणाचा तरी आवाज फिरतो: आज रात्री मोठा येणार, घरात झोपू नका. मग डिसेंबरच्या थंडीत म्हातारी माणसं आणि बाळंतिणी अंगणात. सकाळी कुणी विचारत नाही की तो आवाज कुणाचा होता. दरसाल ‘धरण फुटलं’ अशी एखादी आवई उठते. आणि पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढवणार, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं, असा प्रशासनाचा खरा इशारा येतो तेव्हा लोक म्हणतात, “रोजचंच आहे.” २२ जुलै २०२१ च्या रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्या दिवशी हवामान खात्याचा अतिवृष्टीचा इशारा होता. भाकितवाल्यांच्या यादीत ती रात्र नव्हती. खरा इशारा कसा असतो? तो जागा सांगतो, कारण सांगतो, आणि चुकला तर दुसऱ्या दिवशी खात्याला जाब विचारता येतो. गोठणे गावाजवळ शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडून भूकंपाचा अभ्यास चालवलाय. तिथली माणसं एवढी खोल जाऊनही मोठ्या भूकंपाची तारीख सांगत नाहीत. जपानच्या हवामान संस्थेनेही ५ जुलैच्या आधी जाहीरपणे हेच सांगितलं होतं, की भूकंपाची तारीख, जागा आणि तीव्रता आधी सांगता येत नाही, हे भाकीत खोटं आहे. तरी हाँगकाँगहून जपानला जाणारी विमानं कमी करावी लागली.

तात्सुकी बाईंवर लोकांचा विश्वास का बसला, तेही पाहण्यासारखं आहे. त्यांच्या १९९९ च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘मार्च २०११, मोठी आपत्ती’ असे शब्द होते, आणि मार्च २०११ मध्ये जपानात खरोखर त्सुनामी आली. ही एक नोंद सगळ्या जगाने पाठ केली. बल्गेरियाच्या बाबा वेंगा १९९६ मध्ये वारल्या. स्वतःच्या हाताने त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही, तरी दरवर्षी त्यांच्या नावावर नवी यादी निघते. त्याच नावावर फिरणाऱ्या जुन्या यादीत २०१० मध्ये तिसरं महायुद्ध सुरू होणार होतं. हे किती वाचकांना माहीत आहे? माहीत होईल कसं, कुणी छापलंच नाही.

मोजून पाहिलं तर काय दिसतं, याचा धडा पुण्यातच झालेला आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या आणि कोणती कोणाची हे ओळखायला ज्योतिषांना आवाहन केलं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. त्या प्रयोगात नवं यंत्र लागलं नाही की मोठा पैसा लागला नाही. उत्तरं आधी लिहून घेतली आणि नंतर ताडून पाहिली, एवढंच केलं.

तेवढंच मी आपल्याकडे मागते आहे. भविष्य छापू नका, असं म्हणणार नाही. ते लोकांना हवं असतं आणि आपणही ते बंद करणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या भाकितात तारीख आहे, त्याची नोंद एका वहीत ठेवा: कुणी सांगितलं, काय सांगितलं, कोणत्या दिवशी छापलं. ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच आकाराच्या मथळ्यात छापा की असं सांगितलं होतं आणि तसं झालं नाही. ज्योतिषी बाहेरचा असेल तर त्याचं नावही द्या. झालं असेल तर तेही छापा, माझी हरकत नाही. चार आठवड्यांनी दुसऱ्या देशात काही घडलं तर ते त्या खात्यावर चढवू नका. भूकंप आणि धरण यांबद्दलच्या तारखा मात्र मुळीच छापू नका. आमच्याकडे त्यावर माणसं रात्र उघड्यावर काढतात.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘नव्या वर्षात काय घडणार’ ही बाबा वेंगांची यादी आपल्याकडे नेहमीप्रमाणे येईल. ती छापायचीच असेल तर शेजारच्या रकान्यात गेल्या वर्षी आपणच छापलेली यादी द्या, प्रत्येक ओळीपुढे ‘झालं’ किंवा ‘झालं नाही’ असं लिहून. या कामाला माणूस नसेल तर मला कळवा. माझ्याकडे कात्रणं आहेत, आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक फारसं नसतं.

आपली,
एक जुनी वाचक,
पाटण, जि. सातारा